हात मांडीखाली

पहिल्या दिवशी गुरुजींनी मला एकच गोष्ट शिकवली, हात मांडीखाली घालून बसायची. मी सातवीची फायनल पास झालेली, धुतलेलं पातळ नेसून, कोरी वही छातीशी धरून त्या बालवाडीत गेले होते. वाटलं होतं, गाणी शिकवतील, गोष्टी शिकवतील, रडणाऱ्या पोराला गप्प कसं करायचं ते सांगतील. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, माझ्या हातांकडे दोनदा पाहिलं आणि म्हणाले, "पोट्टे काही बनवून राह्यले की तू आपले हात मांडीखाली घालाचे. दोन्ही. अन् त्याच्यावर बसाचं." मला वाटलं, थट्टा करून राहिले. थट्टा त्या माणसाला येतच नव्हती, हे पुढं कळलं.

बालवाडी अमरावतीत, कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात होती. पत्र्याची शेड, एक सतरंजी, एक माठ, तीन ते पाच वर्षांची पस्तीसेक पोरं आणि गुरुजी. शहरातल्या चार मोठ्या लोकांचं मंडळ होतं, ते ती चालवायचं. म्हणजे वर्षातून एकदा झेंड्याला यायचं. गुरुजी पन्नाशीच्या पुढचे, बिनलग्नाचे, तिवशाकडचे. भाऊ काळी जमीन कसायचा आणि हे इथं लोकांच्या पोरांचे शेंबूड पुसायचे. पुरुषाने हे काम करावं, हे तेव्हा कोणाला पटत नव्हतं. बायका पदरात तोंड घालून हसायच्या. त्यांना त्याचं काही नव्हतं. खिशात भाजलेले शेंगदाणे असायचे, ते सोलत, टरफलं दुसऱ्या खिशात टाकत फिरायचे. टरफलंसुद्धा फेकायची नाहीत, त्यांची उद्या होडी व्हायची.

खेळणी म्हणून एक नव्हतं. भिंतीला पोती लावून ठेवलेली. एकात सरकी, एकात चिंचोके, एकात रिकाम्या काडेपेट्या, एकात दोऱ्याची रिळं आणि करवंट्या. फुटक्या बांगड्यांचं एक गाडगं होतं. त्या काचांच्या कडा गुरुजी स्वतः दगडावर घासून बोथट करायचे, एकेक तुकडा आपल्या गालावर फिरवून पाहायचे आणि मगच पोरांच्या हाती द्यायचे. कापडाला द्यायची नीळ आणि हळद कालवून रंग व्हायचा, भेंडी आडवी कापली की ठसा व्हायचा. हे सगळं गोळा करायला ते दर गुरुवारी पिशवी घेऊन दारोदार जायचे आणि दारात उभं राहून विचारायचे, "बाई, घरात काय मोडलं?" सकाळच्या प्रहरी असं कोणी विचारतं का? एकदोघींनी तर अंगावर पाणीच टाकलं. एका वकिलाच्या बायकोने मात्र कौतुकाने मुंबईची डोळे मिटणारी बाहुली आणून दिली. गुरुजींनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि परत दिली. म्हणाले, मोडली की आणा. ती बाई मंडळाच्या अध्यक्षांची मेहुणी निघाली. ते प्रकरण निस्तरायला मला दोनदा त्यांच्या घरी जावं लागलं.

पोरांच्या आयाही कमी भांडत नव्हत्या. गुरुजी तूर, मूग आणि हरभरा एका परातीत मिसळायचे, पोरांचे डोळे फडक्याने बांधायचे आणि नुसत्या बोटांनी वेगळे करायला लावायचे. एक आई आली कमरेला पदर खोचून. आमी घरी निवडतोच, म्हणे, शाळेत बी निवडाचंच असंल तर पोरीले घरीच काहून नाही ठेवाव? गुरुजींनी तिचेच डोळे बांधले आणि परात पुढं ठेवली. तिला मूग कळला, पण पोरीला तिच्या आधी कळला. ती बाई नंतर कधी भांडायला आली नाही, पोरीला घेऊन मात्र रोज वेळेवर यायची.

पण खरं सांगायचं ते त्यांच्या नियमाचं. पोराच्या वस्तूला मोठ्या माणसाचा हात लागायचा नाही. चाक वाकडं असो, बाहुलीला तीन पाय असोत, हात लावायचा नाही. "असं नाही, असं" म्हणायचं नाही. आणि "वा" तर अजिबात म्हणायचं नाही. पोरगं काही घेऊन आलं की विचारायचं फक्त "काय हाय हे?" ते जे म्हणेल ते खरं. चिंचोक्याला दोन काड्या टोचून आणल्या आणि म्हटलं हत्ती, तर हत्ती. सोंड कुठं आहे, असं विचारायची सोय नव्हती.

मी एकदा चुकले. एका पोराने बांगड्यांच्या काचांचं फूल मांडलं होतं, खरोखर सुंदर. माझ्या तोंडून निघून गेलं, "वा रे, किती सुंदर!" त्या पोराने मग आठवडाभर रोज तेच फूल मांडलं. तेच, तसंच, आणि मांडलं की माझ्याकडे पाहायचं. शनिवारी पोरं गेल्यावर गुरुजींनी मला ते शेवटचं फूल दाखवलं. म्हणाले, "हे तुह्या 'वा'चं पीक हाय. आता काप." मला इतका राग आला होता, सांगते. चार वर्षांच्या पोराला जरा चांगलं म्हटलं तर आभाळ कोसळलं का? आज वाटतं, त्यांचं बरोबर होतं. पण तसं म्हणायलाही मला जड जातं, कारण त्यांचं बरोबर असण्याची किंमत नेहमी दुसऱ्याला पडायची.

हे वेड कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. आधी ते वीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तर होते. पोरांची बोटं धरून पाटीवर अक्षर गिरवायचे. एकदा जुन्या विद्यार्थ्याचं पत्र आलं, मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं, आणि त्यांच्या ध्यानात आलं की तिन्ही पत्रांतलं अक्षर त्यांचंच आहे. "एकाचं बी अक्षर त्याचं नाही राह्यलं," म्हणाले. "सारे माह्याच हातानं लिहून राह्यले." दुसऱ्या कोणाला याचा अभिमान वाटला असता. यांनी नोकरी सोडली.

मी काही त्यांना देवमाणूस म्हणणार नाही. आमच्या वस्तीने दीक्षा घेऊन चारेक वर्षं झाली होती. मंडळातले लोक भाषणात आमचं नाव घ्यायचे आणि माठाशी मी गेले की दुसरीकडे पाहायचे. गुरुजी तसे नव्हते. पहिल्याच महिन्यात आमच्या घरी आले, मातीत बसले, आईने दिलेलं पाणी प्यायले, आणखी मागितलं आणि विचारलं, "बाई, घरात काय मोडलं?" माझी आई हसली. आमच्या घरात न मोडलेलं काय होतं? त्यांनी त्या पाण्याचा कधी गाजावाजा केला नाही, आणि मी तो दिवस विसरले नाही. म्हणून तर पुढचं सांगायला तोंड उघडत नाही.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. अकोल्याला सगळ्या बालवाड्यांच्या हस्तकामाचं प्रदर्शन भरणार होतं. शिक्षणखात्याच्या अधिकारी बाई येणार, पाहणार, आणि त्यावर ठरणार कोणत्या बालवाडीला सरकारी मान्यता मिळेल. मंडळाचे चिटणीस शेडमध्ये आले, पोरांनी केलेल्या वस्तूंच्या टोपल्या पाहिल्या आणि गुरुजी बाहेर गेल्यावर मला म्हणाले, "हे घेऊन जाणार अकोल्याला? लोक हसतील. बाई, तुमची नेमणूक तात्पुरती आहे, ध्यानात आहे ना? मान्यता आली तर कायम. नाही आली तर या शेडमध्ये सरकीची पोती येतील."

मला ध्यानात होतं. आमच्या वस्तीतली फायनल पास झालेली पहिली मुलगी मी. मला "बाई" म्हणणारे ते पहिले लोक. माझ्या वयाच्या पोरी आईबरोबर पहाटे कापूस वेचायला जायच्या, बोंडांनी बोटं फाटायची. माझी बोटं फाटलेली होतीच, बरी व्हायला वर्ष लागलं होतं. मला परत त्या शेतात जायचं नव्हतं. आणि आमच्या वस्तीची बारा पोरं त्या शेडमध्ये होती. शेड बंद झाली असती तर ती कुठं गेली असती? शेताच्या धुऱ्या-बांधावर, दुसरं कुठं!

गुरुजींनी प्रदर्शनासाठी वेगळं काही केलं नाही. ज्वारी निघाली होती, तिचे वाळलेले धांडे मुबलक होते. धांडा सोलला की आत पांढरा मऊ गाभा निघतो आणि सालीच्या चिवट चोया; गाभ्याच्या तुकड्यांना चोया टोचायच्या, की गाडी होते, बैल होतो. वऱ्हाडातलं कोणतं पोर हे करत नाही? पोरांनी गाड्या केल्या. वीसेक असतील. एकही धड उभी राहत नव्हती.

त्यातली एक सुभीची होती. सुभी आमच्या शेजारची, चार वर्षांची, बोलायची कमी. तिचा बाप कापसाच्या बाजारात हातगाडी ओढायचा. तिने गाडी केली, तिच्यात बैल बसवला आणि जू माणसाच्या खांद्यावर दिलं. गुरुजींनी विचारलं, काय हाय हे? ती म्हणाली, "माहा बाप हाय. बैल दमला." गुरुजी बराच वेळ त्या गाडीसमोर उकिडवे बसून राहिले. मग उठून आवारात एक चक्कर मारून आले. वा म्हणायचं नाही हा नियम त्यांनी पाळला, पण ती गाडी त्यांनी टोपलीत सगळ्यांत वर, गवताच्या पेंढीवर ठेवली.

आमच्या वस्तीतल्या माणसाला बैलाच्या जागी जुंपलेलं अकोल्याच्या टेबलावर मांडायचं? कोट-टोपीवाल्यांनी वाकून वाकून पाहायचं आणि म्हणायचं, हो, हे यांचंच काम! आम्ही मान वर करून चारच वर्षं झाली होती, तेवढ्यात यांना हे दाखवायचं होतं. गुरुजींना काय, ते पाटलाचे भाऊबंद. जू त्यांच्या खांद्यावर कधी कोणी पाहिलं होतं?

आदल्या दिवशी दुपारी गुरुजी दोन घरी निरोप द्यायला गेले. प्रात्यक्षिकासाठी दोन पोरं न्यायची होती, त्यांत सुभी होती. मी शेडमध्ये एकटी होते, टोपल्या भरत. आधी मी हात मांडीखाली घातले, खरंच घातले. थोडा वेळ बसले. मग एक हात काढून एका गाडीचं चाक सरळ केलं. एकच. मग तिच्या शेजारची फारच वाकडी दिसायला लागली. दिवस कलेपर्यंत मी वीसच्या वीस गाड्या सरळ केल्या. नवा गाभा कापला, गव्हाच्या पिठाची खळ करून सांधे चिकटवले, बैलांना शिंगं दिली. सुभीची शेवटी घेतली. बैल उतरवून जुवाला लावला, माणूस वर बसवला, ताठ, त्याच्या हातात चोयीचा आसूड दिला आणि डोक्याला निळ्या चिंधीचा फेटा बांधला. इतकी छान झाली होती ती गाडी. मला वाटलं, मी सुभीच्या बापाला न्याय दिला.

सकाळी आम्ही बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला गेलो. टोपल्या माझ्याकडे, बांधलेल्या. सुभी माझ्या मांडीवर झोपली होती. पोचल्यावर गुरुजी पोरांना खाऊपिऊ घालायला घेऊन गेले आणि टेबल मी मांडलं. ते परत आले तेव्हा अधिकारी बाई आमच्या टेबलापाशीच होत्या, पुण्याकडच्या, गोड बोलणाऱ्या. चिटणीस त्यांच्या मागे हात जोडून उभे. गुरुजींनी टेबल पाहिलं. मग माझ्या हातांकडे पाहिलं. नखांत खळ वाळलेली होती.

बाईंनी नेमकी सुभीची गाडी उचलली. किती प्रमाणबद्ध, म्हणाल्या, चार वर्षांच्या मुलीने केली? कोणती ती? चिटणिसांनी सुभीला पुढं ढकललं. बाईंनी वाकून विचारलं, "बाळ, ही गाडी तू केलीस ना?"

सुभीने नीट पाहिलं. गाडीच्या खालून पाहिलं, बैलाकडे पाहिलं, फेटेवाल्याकडे पाहिलं. "हे माही नाही," म्हणाली. "माह्या गाडीत बैल बसला होता. तो दमला होता."

चिटणिसांनी हसायचा प्रयत्न केला. मी तोंड उघडायला पाहिजे होतं, एवढं मला तेव्हाही कळत होतं, पण डोळ्यांसमोर ते कापसाचं शेत आलं. मग गुरुजी बोलले, आवाज न चढवता, नेहमीसारखे. "पोट्टी खरं बोलून राह्यली. ह्या गाड्या पोरांच्या नाही. म्या सुधारल्या. नंबर देऊ नका."

बाईंचा चेहरा उतरला. ती गाडी त्यांनी टेबलावर ठेवली आणि रुमालाने हात पुसत पुढच्या टेबलाकडे गेल्या. चिटणीस काय बोलले ते मी इथं सांगत नाही. गुरुजी शेंगदाणे सोलून सुभीला देत होते.

येताना गाडीत ते माझ्यासमोर बसले होते. मूर्तिजापूर गेल्यावर मीच विचारलं, "गुरुजी, तुमी असं काहून सांगितलं?"

"माही नोकरी करून झाली," ते म्हणाले. "तुही व्हायची हाय." आणि खिडकीतून बाहेर पाहत, "पण ह्या पोट्टीले तू काय सांगशील, ते तुह्यं तू पाह्य."

आठवड्यात मंडळाने त्यांना जायला सांगितलं. मुलांचं काम स्वतः करून सरकारला फसवणारा मास्तर म्हणून त्यांचं नाव झालं, आणि हे नाव कोणाचं झालं, तर त्यांचं! ते पिशवी घेऊन तिवशाला गेले, पोती मागं ठेवली. बालवाडी माझ्याकडे आली. पुढच्या वर्षी मान्यता मिळाली, मी कायम झाले. माझ्या टेबलावर कधी काही वाकडं राहिलं नाही. अधिकारी यायचे, वा म्हणायचे. भिंतीला दोन प्रमाणपत्रं लागली. वस्तीतल्या बायका आपल्या पोरींना माझ्याकडे बोट दाखवून शिकायला सांगायच्या.

लोकांना वाटेल, त्यांनी मला वाचवलं. मलाही तसंच वाटावं, असा मी पुष्कळ प्रयत्न केला. पण मी फार वर्षं त्यांच्यावर चिडलेली होते, अजूनही आहे. असले नियम पाळायला मागं भावाची काळी जमीन लागते. नोकरी गेली तर ते तिवशाला जाऊन ओसरीवर बसणार होते. मी कुठं बसणार होते? आणि एवढं सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन त्यांनी माझ्याजवळ ठेवलं काय, तर ते एक वाक्य. त्यापेक्षा तिथंच सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं असतं तर मी रडले असते, भांडले असते आणि मोकळी झाले असते.

चार-पाच वर्षांनी मी तिवशाला गेले. बसस्टँडवर विचारलं, तर पोरांनी घर दाखवलं. गुरुजी ओसरीवर बसले होते, वाळलेले, एक डोळा गेलेला. समोर भावाची नातवंडं धांड्यांच्या गाड्या करत होती आणि हे हात मांडीखाली घालून पाहत होते. मला ओळखलं. बालवाडीचं काही विचारलं नाही, मी कायम झाले का तेही विचारलं नाही.

"सुभीले सांगतलं?" म्हणाले.

"सांगितलं, गुरुजी."

"काय म्हणे?"

"हसली."

त्यांनी मान डोलावली. खिशातून शेंगदाणे काढून माझ्या ओंजळीत घातले. मी ते सगळे त्यांच्यासमोर बसून खाल्ले आणि संध्याकाळच्या बसने परत आले.

मी सुभीला काहीही सांगितलं नव्हतं. अकोल्याहून आल्यावर सोमवारी मी सतरंजीवर धांडे टाकले, बाकीची पोरं त्यांच्यावर तुटून पडली. सुभी माझ्यासमोर येऊन बसली. मी म्हटलं, कर ना गं काही. तिने आपले दोन्ही हात मांडीखाली घातले, त्यांच्यावर नीट बसली आणि माझ्या हातांकडे पाहत राहिली.

"तुमी करा, बाई," म्हणाली.

पहिलीत जाईपर्यंत ती तशीच बसायची, आणि तिच्या नावाच्या सगळ्या वस्तू मी केल्या.